यंदा कढई चढवायची का?

वाचकांचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. आमचं मूळ गाव नेवासे तालुक्यात. दर नाताळाला आम्ही पुण्याहून तिकडे जायचो. दोन दीर, जावा, नणंद, पोरंबाळं मिळून बावीस माणसं व्हायची. दोनशे करंज्या, पातेलंभर चिवडा, शेवटच्या रात्री अंगणात चूल. हे सगळं सासूबाई एकट्या पेलायच्या. ऑगस्टमध्ये त्या गेल्या. सासरे आता आमच्याकडे चिंचवडला असतात, गावचं घर कुलुपात आहे. थोरले दीर सुरतेला, धाकटे मस्कतला. यंदा कुणी येत नाही. आमचे हे रुग्णालयात ब्रदर (पुरुष नर्स) आहेत, त्यांना नेमकी २४ तारखेची नाइट लागली आहे. अण्णा, म्हणजे सासरे, म्हणतात, "यंदा काही करू नका." मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला झाड हवं, लायटिंग हवी, केक हवा. थोरल्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "वर्षाच्या आत तळण केलंस तर लोक नावं ठेवतील." मला स्वतःला काय हवं तेच कळत नाही. चर्चला जाऊन यावं आणि दार लावून झोपावं असं वाटतं, आणि मग मुलीचं तोंड बघवत नाही. चार माणसांचा नाताळ करतात तरी कसा?
– एक सून, चिंचवड

प्रिय ताई,

तुमचं पत्र हातात घेतल्याबरोबर मी आधी त्यावरची तारीख बघितली. अजून तीन आठवडे आहेत. बरं झालं, कारण मी सांगणार आहे त्यातलं एक काम १३-१४ डिसेंबरलाच सुरू करावं लागतं. त्याच्याकडे येतेच.

आधी कढईचं. तुमच्या जाऊबाईंचा राग धरू नका. वर्षाच्या आत तळण करायचं नाही हा रिवाज आपल्या वाडवडिलांबरोबर ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात आला, जशी लग्नातली हळद आली, हिरवा चुडा आला. पवित्र शास्त्रात तो नाही आणि कुठला पाळकही तुम्हाला त्यावरून बोलणार नाही. तरी पुष्कळ घरांत तो पाळतात आणि त्यात माया आहे, हे मी मान्य करते. पण त्या रिवाजाचे दोन भाग होते. ज्या घरात माणूस गेलं त्या घरानं कढई चढवायची नाही, हा एक. आणि भावकीनं, शेजारपाजाऱ्यांनी त्या घरी ताटं पोचवायची, हा दुसरा. त्यामुळे दुःखातल्या घरात तळणाचे कष्ट नसायचे, आणि पोरांच्या हातात करंजी मात्र पडायची. गावात हा दुसरा भाग न सांगता होतो. चिंचवडच्या सोसायटीत तो कोण करणार? शेजाऱ्यांना बिचाऱ्यांना आपला सण कधी असतो तेवढं माहीत असतं, दुखवट्याचं कसं माहीत असणार? म्हणजे तुमच्या वाट्याला येणार फक्त पहिला भाग: बंद शेगडी आणि रिकामे डबे. असा अर्धा रिवाज पाळून सासूबाईंचा कोणता मान राहतो, मला समजत नाही.

मी हे इतकं ठामपणे का म्हणते, ते सांगते. माझे वडील गेले तेव्हा मी दहावीत होते. आमचं गावही नगर जिल्ह्यातलंच. वडील मंडळीच्या गाणाऱ्यांत होते, पेटी वाजवायचे. नाताळाच्या आधीचे तीन-चार दिवस रात्री ही मंडळी कंदील घेऊन घरोघर जायची, पुढे पेटी, ढोलकी, टाळ. प्रत्येक घरापुढे दोन गाणी, प्रार्थना, चहा. वडील गेले त्या वर्षी आईनं घरात काही केलं नव्हतं. चांदणीचा कंदील लावला नाही, तळण नाही. शेजारच्या बायका ताटं देऊन गेल्या, ती झाकून ठेवलेली होती. २३ तारखेच्या रात्री लांबून गाणं ऐकू आलं. वळणापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. मग आमच्या दारावरून नुसते पाय वाजत गेले. कंदिलाचा उजेड खिडकीतून भिंतीवर सरकत गेला. चार घरं पुढे गेल्यावर ढोलकी परत सुरू झाली. त्यांनी आमच्या दुःखाचा मान राखला होता, मनात दुसरं काहीच नव्हतं. पण मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा पाहिलं की आईनं चुलीवर वीस माणसांच्या चहाचं आधण ठेवलं होतं. ते तिनं खाली उतरवलं, पाणी हंड्यात परत ओतलं आणि दिवा बारीक केला. त्या रात्रीबद्दल ती आयुष्यात एकदाच बोलली. म्हणाली, "तेवढं तरी यायचं होतं."

म्हणून तुम्हाला पहिलं काम हे सांगते: तुमच्या मंडळीच्या तरुण संघाला आजच फोन करा आणि सांगा, आमच्या घरी या. तुम्ही सांगितलं नाहीत तर ते समजूतदारपणे तुमचं घर टाळतील. अण्णांना आदल्या दिवशी कल्पना द्या. अचानक दारात वीस पोरं उभी राहिली तर त्यांना जड जाईल.

अण्णांशी कसं बोलावं, हा खरा प्रश्न आहे. "अण्णा, नाताळ करायचा का?" असं विचारू नका. ज्याच्या सोबतीला पन्नासेक वर्षांचा संसार होता, त्याच्या तोंडून या प्रश्नाला 'नको' हेच उत्तर येणार, आणि एकदा ते आलं की तुम्हाला ते मोडवणार नाही. त्यांना बारीकसारीक विचारा. आई करंजीच्या सारणात खसखस भाजून घालायच्या की तशीच? सुंठ घालायच्या का? पीठ दुधात भिजवायच्या की पाण्यात? त्यांना करता येत नसेल, पण इतकी वर्षं ती करंजी खाल्ली आहे. एखादं तरी उत्तर येईल, आणि त्या उत्तराच्या मागून बोलणं येईल. बोलताना रडू आलं तर येऊ द्या. लगेच "अण्णा, असं करू नका हं" म्हणून पाणी पुढे करू नका. माझ्या अनुभवात घरातली मोठी माणसं सणाला कंटाळलेली नसतात, गेलेल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही याला कंटाळलेली असतात.

तर करा एकच पदार्थ. चकली नको, शंकरपाळे नको, लाडू नको. फक्त करंजी, आणि तीही पाव किलोची. दोनशे करंज्यांचा हात असलेल्या घरात पाव किलोचा अंदाज चुकतो, म्हणून लिहून देते. पाव किलो बारीक रवा-मैदा निम्मानिम्मा, चिमूट मीठ, चार मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, लागेल तसं कोमट दूध. पीठ घट्ट भिजवून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा आणि मग चांगलं कुटून मऊ करा. सारणाला दीडशे ग्रॅम सुकं खोबरं किसून मंद भाजलेलं, सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे भाजलेली खसखस, पाच-सहा वेलदोडे. वीस-बावीस करंज्या होतील. पारीची कड दुधाच्या बोटानं ओली करून दाबा, सारण गच्च भरू नका आणि तेल मध्यम तापलं की आच कमी ठेवा. करंजी तेलात उकलते ती घाईनं. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवायला विसरू नका, डिसेंबरच्या कोरड्या हवेत पीठ लगेच सुकतं.

कडा कापायला मुलीला बसवा. सासूबाईंचं कातणं असेलच, पितळी, लाकडी मुठीचं किंवा अख्खं धातूचं. ते नातीच्या हातात द्या. बावीस माणसांत तिच्यापर्यंत कातणं कधी आलं नसेल, मोठ्या काकूंच्या रांगेत ती तळलेल्या करंज्या मोजायला असणार. लहान नाताळाचं हेच तर आहे, ताई. मोठ्या घरात कामं वाटलेली असतात आणि धाकट्यांना बघावं लागतं. चौघांत प्रत्येकाच्या हातात असं काम येतं की ते त्यानं केलं नाही तर होणारच नाही. तुम्ही बावीस माणसांचा नाताळ चारांत बसवायला गेलात तर प्रत्येक गोष्ट उणी वाटेल: पातेलं लहान, आवाज लहान, गाणं पातळ. ते सोडून द्या. गर्दीनं होणारं गर्दीबरोबर ठेवा. हातानं होणारं तेवढं आणा.

आता ते १३-१४ डिसेंबरचं काम. ते अण्णांचं. गावाकडे गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा गोठ्याचा देखावा, कशी मांडायचे ते त्यांना विचारा. आमच्याकडे कडब्याचं छप्पर, चिखलाच्या भिंती, वर गेरूचा हात. गोव्यात नि वसईकडे गोठ्याभोवती हिरवं शेत दाखवायला नाचणी किंवा गहू आधीच पेरून उगवून घेतात. आपल्याकडे नवरात्रात घटाला धान्य पेरतात त्याच रीतीनं. ते तुम्ही करा. मूठ-दोन मुठी गहू रात्रभर भिजत घाला, दुसऱ्या दिवशी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. मोड दिसले की एका पसरट ट्रेमध्ये दोन बोटं माती घालून त्यावर दाट पसरा, वरून पातळ माती, आणि रोज पाण्याचा शिपका. थंडीत उगवण हळू होते, म्हणून १४ तारखेच्या पुढे जाऊ नका. २४ ला वीतभर नाही तरी चार-पाच बोटं हिरवं येईल. ज्या माणसानं आयुष्यभर शेत केलं आणि जो आता पाचव्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतो, त्याला रोज सकाळी उठून बघायला काहीतरी उगवतं आहे, याची किंमत मी तुम्हाला कशी सांगू? (तुमचा मजला पाचवा आहे की नाही, मला ठाऊक नाही. मला आपलं तसं दिसलं.) "आमच्याकडे नव्हतं असं" म्हणाले तर म्हणू द्या. पाणी कमी झालंय की जास्त, हे तरी तेच सांगतील.

गव्हाणीला महागड्या मूर्तींचा सेट लागत नाही. असिसीच्या फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्यो गावात लोकांसाठी गव्हाण मांडली तेव्हा त्यात खरा चारा होता, खरा बैल होता आणि खरं गाढव होतं. भाजीबाजारात किंवा गोठेवाल्याकडे मूठभर कडबा मिळतो. मातीचे बैल पोळ्याचे घरात उरलेले असतील तर तेच बसवा. मरिया, योसेफ आणि बाळ तेवढे विकत आणा, नाहीतर मुलीला मातीचे करू द्या.

मुलीचं झाड. तुमच्या पत्रात झाडाचं वाक्य तुम्ही जरा दबकत लिहिलं आहे, जणू आजी गेली त्या वर्षी झाड मागणं हा तिचा गुन्हा आहे. तसं नाही. तेरा वर्षांच्या मुलीला ऑगस्टपासून घरात दबका आवाज ऐकू येतो आहे. तिची आजीही गेली आहे, हे मोठ्यांच्या रडण्यात कुणाच्या लक्षात राहत नाही. दिवे मागते म्हणजे घर पूर्वीसारखं होईल का, एवढंच ती विचारते आहे. झाड लावू द्या. आपल्या लहानपणी सुरूची फांदी रॉकेलच्या डब्यात वाळू भरून उभी करायचो, कापसाचा बर्फ लावायचो, ज्या गावात कुणी बर्फ पाहिलेला नव्हता. आता नर्सरीत कुंडीतलं लहान झाड मिळतं, ते पुढच्या वर्षीही चालेल. फक्त दोन अटी घाला. चांदणी तिनं स्वतः करायची. दिवाळीचा आकाशकंदील मोडून त्याच्या काड्या वापरता येतात. आणि झाडावर आजीची एक वस्तू लावायची: चष्म्याची दोरी, जुनी बांगडी, रुमाल, काय निघेल ते. कोणती, ते तिला ठरवू द्या. ती दोन दिवस कपाट उचकत बसेल, बसू द्या.

केक घरी करायची हौस असेल तर सहा इंची भांड्यापुरता करा. शंभर ग्रॅम लोणी, शंभर ग्रॅम साखर, दोन अंडी, सव्वाशे ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, आणि रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवलेले दीडशे ग्रॅम मनुके, खजूर, टूटीफ्रूटी. रंगाला दोन चमचे साखर जाळून. ओव्हन नसेल तर कुकर: तळाला मीठ, शिट्टी नि रिंग काढून, दहा मिनिटं तापवून, मग मंद आचेवर पाऊण ते एक तास. नाहीतर सरळ बेकरीतून आणा. केकवर मी तुमचा वेळ घालवणार नाही. पिझ्झाचं नाव पत्रात नाही, पण तेही येईल. त्याला २६ तारीख देऊन टाका.

२४ ची नाइट. तुम्हाला वाटतं त्यानं सगळंच बिघडलं. मला वाटतं त्यानं तुमची एक अडचण सुटली. त्या रात्री मोठं काही करायचंच नाही, हे ठरून गेलं. संध्याकाळी साडेपाचला, हे निघायच्या आधी, चौघं गव्हाणीपाशी बसा. चांदणीचा दिवा अण्णांनी लावायचा. गव्हाणीत सगळे ठेवा, बाळ ठेवू नका. जागा मोकळी राहू द्या. कॅथलिक घरांत बाळ मध्यरात्री ठेवतात, तुम्ही ते २५ ला सकाळी हे ड्यूटीवरून आल्यावर ठेवा, आणि त्यांच्याच हातून. रात्रभर वॉर्डात उभा राहिलेला माणूस दार उघडतो आणि सगळं घर त्याच्यासाठी थांबलेलं असतं. मग चहा, करंजी, एक गाणं, आणि त्यांना झोपू द्या. तुम्ही तिघं दहाच्या उपासनेला जा. जेवण तीनला ठेवा, ते उठल्यावर. "नाताळ रात्री बारालाच" असं कुणी म्हणालं तर सांगा, इथिओपियात आणि इजिप्तच्या कॉप्टिक मंडळीत तो ७ जानेवारीला असतो. तुमच्याकडे नऊ तास उशिरा आला तर चालतं.

वाचायला लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, पहिली वीस वचनं. सासूबाईंच्या स्वतःच्या पवित्र शास्त्रातून वाचा. त्यात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा असतील, मध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या, कुणाची जन्मतारीख. नातीनं वाचावं. तीन मिनिटं लागतात. तुम्हाला कुणीतरी सांगेलच की त्या पहिल्या रात्रीही गोठ्यात तिघंच होते, मग तुम्ही चौघं आहात म्हणून कशाला वाईट वाटून घेता. ते खरं आहे, पण त्यानं अठरा माणसांची जागा भरत नाही. त्यावर मान डोलवावी लागली तर डोलवा आणि पुढे चला.

गाण्याविषयी थोडं जास्त लिहिते, कारण पत्रात त्याचा उल्लेखही नाही आणि मला वाटतं तुमच्या घराला सगळ्यांत आधी त्याचीच गरज आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरला राहिले. त्यांनी आपल्याला भजनं दिली, अभंग दिले. पियानो नसलेल्या, कोरस नसलेल्या घरात, टाळ असेल तर टाळावर आणि नसेल तर मांडीवर हात मारून म्हणता येतील अशी. चार भागांतली इंग्रजी कॅरोल चार माणसांत केविलवाणी होते. अभंग दोन माणसांतही पुरा होतो, एकानं म्हणायचा, बाकीच्यांनी धरायचा. अण्णांना चाली पाठ असणार. त्यांना सुरुवात करायला सांगा आणि तुम्ही मागून धरा. आवाज थरथरला तर मुलीनं ओळ उचलायची, हे तिला आधीच सांगून ठेवा. त्यांच्या एक-दोन चाली फोनवर टिपून घ्या. आमच्या वडिलांचा आवाज आमच्याकडे नाही. पेटी आहे, भाता फाटलेली.

सुरत नि मस्कतला व्हिडिओ कॉल करालच. वेळ आधी ठरवा आणि वीस मिनिटांत संपवा. दिवसभर फोन समोर धरून ठेवला की घरातली चार माणसं एकमेकांकडे बघतच नाहीत. आणि कॉलवर सगळ्यांनी एकदम गाऊ नका, आवाज मागेपुढे पोचतो आणि गाण्याची गल्लत होते. एक कडवं तुम्ही, दुसरं सुरतेनं, तिसरं मस्कतनं. मधल्या शांततेत एकमेकांचं ऐकू येतं. थोरल्या जाऊबाईंना शेवटची प्रार्थना करायला सांगा. त्याही तिकडे पहिल्यांदाच एकट्या नाताळ करणार आहेत, आणि "लोक नावं ठेवतील" हे त्या बोलल्या तेव्हा मला वाटतं त्यांना स्वतःचंच काही सुचत नव्हतं.

ताटाचं. दिवाळीला ज्यांनी तुम्हाला फराळ दिला असेल त्या दोन-तीन घरी चार-चार करंज्या पाठवा. मुलीलाच पाठवा, क्रोशाचा रुमाल झाकून. अंडं न खाणाऱ्या घरी केक देऊ नका. देणार असाल तर दारातच सांगा. ज्यांना आई गेल्याचं माहीत आहे ते विचारतील, "यंदा तुम्ही केलंत?" तेव्हा सरळ म्हणा, "आईंच्या पद्धतीनं केलंय." यापुढे कुणी नाव ठेवत नाही, मी पाहिलं आहे.

आणखी एक सुचवते, पटलं तरच करा. तुमच्या ह्यांच्या रुग्णालयात केरळच्या सिस्टर असतीलच, ज्यांना नाताळाची सुट्टी मिळाली नाही आणि ज्या होस्टेलच्या मेसमध्ये जेवणार आहेत. त्यातल्या दोघींना २५ ला तीनच्या जेवणाला बोलवा. सहा पानांना किलोभर मटण, भात, भाकरी आणि कोशिंबीर पुष्कळ झालं. मटण २४ ला संध्याकाळीच आणून ठेवा, २५ ला सकाळी दुकानापुढे रांग असते. मात्र घर मोकळं वाटेल या भीतीनं दहा जणांना बोलावू नका. अण्णांनी "जेवायला कोण कोण आहे?" असं विचारलं आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा उतरला, तर याही दोघींना पुढच्या रविवारी बोलवा. सण ६ जानेवारीपर्यंत चालतो, तीन मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, गव्हाणीशी पोचेपर्यंत. गव्हाणी तोवर मांडलेलीच ठेवा.

हे जे उरलेले दिवस आहेत, त्यातल्या एका दिवशी गावी जाऊन या. २७ किंवा २८, ह्यांची सुट्टी बघून. घर उघडा, झाडून घ्या, खिडक्या उघडा, चुलीवर चहा करा. मुलीनं केलेली चांदणी बरोबर न्या आणि ओसरीवर टांगा, रात्री मुक्काम नसला तरी. मग चौघं सासूबाईंच्या कबरेवर जा. तिथे काय करायचं ते मी सांगणार नाही, ते अण्णांना माहीत असेल. मंडळीतल्या बायका भेटायला येतील, त्यांच्यासाठी सात-आठ करंज्या वेगळ्या डब्यात राखून ठेवा. म्हणजे पाव किलोऐवजी पीठ थोडं वाढवावं लागेल. साडेतीनशे ग्रॅम घ्या आणि सारण त्या मानानं.

तुम्ही लिहिलं आहे की तुम्हाला स्वतःला काय हवं ते कळत नाही. सासूबाई गेल्यापासून घरातलं सगळं तुमच्याकडे आलं: अण्णांचं पथ्य, ह्यांच्या ड्यूट्या, मुलीची शाळा, आणि आता नाताळही. त्या तुमच्याही आई होत्या बहुधा, निदान पत्रातून मला तसं दिसलं. २४ ला हे निघून गेले, अण्णा नि मुलगी झोपली, की दार लावून पडायचं असेल तर खुशाल पडा. त्या रात्री जागण्याची सक्ती कुणी केलेली नाही. किंवा गव्हाणीपाशी चटई टाकून बसा थोडा वेळ, एकट्या. तेवढी रात्र तुमची ठेवा, फोन बंद करून.

आणि ते पितळी कातणं गावच्या घरातच राहिलं असेल तर २७ पर्यंत थांबू नका. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे आहे त्यांना आजच फोन करा. फडताळात वरच्या फळीवर, पोळपाटाच्या मागे बघायला सांगा. नगरहून कुणी ना कुणी पुण्याला येतच असतं.

तुमची,
ताई